जावयाची बोट आणि बाराची भरती

समुद्राच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! बाप मिठागरात, आजा मिठागरात, आणि माझं बालपण कोपरच्या खाडीच्या चिखलात. घड्याळ आमच्या घरात नव्हतं, पण खाडीला पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे मी झोपेत सांगत असे. हिशेब अगदी सोपा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी? तीन वाजता. अष्टमी? सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला उधाण, डोळे मिटून! याच हिशेबावर आम्ही आगरात पाणी घेतलं, होड्या हाकल्या, मासे धरले. हिशेब कधी चुकला नाही.

चुकला तो एकदाच, आणि तोही नेमका लेकीच्या होणाऱ्या नवऱ्याला बोटीवर बसवायचं होतं त्या दिवशी!

सन पंचावन्न-छपन्नची गोष्ट. मी तेव्हा बहारीनला तेलाच्या कंपनीत कामाला होतो. मनामा शहरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची खोली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला? पहाटे कंपनीची बस यायची, वाळवंटात नेऊन सोडायची आणि अंधार पडला की भाजलेल्या वांग्यांसारखे परत आणून टाकायची. शुक्रवारी सुटी. ती कपडे धुण्यात आणि झोपण्यात जायची. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट लावायचो. ते पाच मिनिटांत वाळायचं आणि मग कोणी उठून भिजवायचं यावर अर्धा तास भांडण!

खोलीत आम्ही तिघं. त्र्यंबक कल्याणचा, कंपनीच्या कचेरीत कारकून. माणूस शांत, सावलीतल्या माठासारखा. चाळिशी उलटल्यावर मला अक्षरं त्यानेच शिकवली. स्टोव्हवर भात शिजेपर्यंत रोज एक अक्षर. तिसरा उत्तम. कोलशेतचा, हाताखाली दोन माणसं असलेला फिटर.

लोक जावई बघायला जातात आणि पोहे खाऊन परत येतात. मी जावयाबरोबर वर्षभर एका खोलीत राहिलो! तो किती घोरतो, ताट घासतो की नुसतं विसळतो, भात करपला तर काय तोंड करतो, सगळं मला पाठ. पोरगा सोन्यासारखा. एके दिवशी धीर करून मी त्याला माझ्या गोदासाठी विचारलं. तो लाजला. मग त्याच्या घरच्यांनी कोपरला जाऊन मुलगी पाहिली, सुपारी फुटली, आणि इकडे खोलीत आमची पंचाईत झाली. कालपर्यंत ‘राघोदादा, तुझा पंचा माझ्या बादलीत कसा रे?’ म्हणून ओरडणारा उत्तम मला मामा म्हणू लागला. मी त्याला अहो-जाहो करू लागलो. पूर्वी आम्ही उघडेबंब बसायचो. आता सासऱ्यानं जावयासमोर उघडं कसं बसायचं? मी सदरा घालून घामाच्या धारा पुशीत बसायचो. तोही सदरा घालून समोर बसायचा. मध्ये त्र्यंबक बनियनवर, वारा खात!

लग्न वैशाखात ठरलं. उत्तमचा करार संपत होता, तो कायमचाच परत निघाला होता. बोट मुंबईला पोचणार आणि दोन-चार दिवसांत हळद. म्हणजे ही बोट चुकली की मुहूर्त गेला! पुढची बोट पंधरवड्यानं. आणि कोलशेतकर मानपानाला असे कडक, की नवरा वेळेवर आला नाही तर खोट आमच्या मुलीतच काढतील. गावाहून आलेल्या माणसाबरोबर माझ्या बायकोनं, बायजानं, निरोप धाडला होता, “जावयाला स्वतः बोटीवर बसवा. आणि तुमचं डोकं चालवू नका.”

यातलं पहिलं मी ऐकलं.

बोट शुक्रवारी दुपारी सुटणार होती. ती मोठी, किनाऱ्याला लागायची नाही. लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि एजंटाची लाँच माणसं नेऊन पोचवायची. लाँच सुटणार पहाटे सहाला. मी त्र्यंबकचं पंचांग काढलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. पौर्णिमा! एवढा मोठा जोडाक्षरी शब्द मी एकट्यानं वाचला, आणि तिथेच माझी छाती फुगली.

“सहाला?” मी म्हणालो. “पौर्णिमेला सहाला? अहो, खडखडीत ओहोटी असणार! लाँच चिखलात रुतेल. नवऱ्या मुलाला गुडघाभर गाळातून चालवतील!”

“राघोबा,” त्र्यंबक म्हणाला, “एजंट दर बोटीला माणसं नेतो. त्याला कळत असेल.”

“एजंट काय मिठागरात जन्मला?”

“पण इथला समुद्र वेगळा.”

“समुद्र वेगळा असेल हो. चंद्र वेगळा आहे का? कोपरवर एक आणि बहारीनवर एक, असे दोन चंद्र टांगलेत काय देवानं?”

त्र्यंबक गप्प झाला. शिकलेला माणूस आपल्यापुढे गप्प झाला की अंगावर मूठभर मांस चढतं! उत्तम मात्र नखं खात बसला होता.

“मामा, मी आपला पहाटेच्या लाँचनं जातो ना. सगळे जातात.”

“तुम्ही माझे जावई. सगळ्यांसारखे कशाला जाल? सकाळी पोटभर जेवा. मग बाराच्या भरतीला मी स्वतः होडीनं तुम्हाला बोटीच्या शिडीशी नेऊन लावतो. पाण्याचा थेंब लागला बुटाला, तर नाव बदलीन!”

शुक्रवारी पहाटे गल्लीतून ट्रंका वाहणाऱ्या लोकांची पावलं वाजली. उत्तम उठून बसला. मी म्हणालो, “झोपा हो!” तो पडला, पण त्याचे डोळे छपराला चिकटले होते. मग मी तांदळाच्या भाकरी केल्या, वाटाण्याची उसळ केली, शेवयांची खीर केली. उत्तमनं दोन घास खाल्ले आणि चार वेळा घड्याळ पाहिलं. नवं कोरं मनगटी घड्याळ, गोदासाठी घेतलेलं. आपलं स्वतःचं ट्रंकेत ठेवून हे त्यानं हातात घातलं होतं, चालतं का ते बघायला.

किनाऱ्यावर मुबारक नावाचा म्हातारा होडीवाला होता. तरुणपणी मोत्यांच्या होड्यांवर बुड्या मारलेला, आता दातही मोजकेच उरलेले. बाजारची हिंदी बोलायचा. मी होडी मागितली तसा तो समुद्राकडे बघून म्हणाला, “राघो, अभी नाय. पानी जाता.”

“जाता नहीं चाचा, आता है!”

“जाता.”

“आज पौर्णिमा! चांद पूरा, तो बारा बजे पानी पूरा!”

“चांद पूरा,” मुबारक म्हणाला, “पानी खलास.”

मी त्याला सगळा हिशेब समजावला. पाऊणपट कशी करायची ते वाळूत काठीनं काढून दाखवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, उत्तमच्या पांढऱ्या शुभ्र पँटकडे पाहिलं, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. मग सावलीत जाऊन बसला.

“होडी ले जाओ,” म्हणाला. “हम पीछू आता.”

मला वाटलं, होडी परत न्यायला येणार असेल.

आम्ही निघालो. मध्ये ट्रंक, ट्रंकेवर उत्तम, पुढे काळी छत्री उघडून त्र्यंबक आणि मागे बांबू टेकत मी. सुरुवात झकास झाली. मी तर होडी हाकताना गाणं गुणगुणायच्या बेतात होतो. लांब क्षितिजाशी मोठी बोट दिसत होती, धूर सोडत.

“राघोबा,” त्र्यंबक म्हणाला, “पाणी खाली चाललंय असं मला वाटतं.”

“वाटतं! भरतीच्या आधी पाणी थोडं मागं सरतं. दम घेतं.”

“थोडं म्हणजे किती?”

तेवढ्यात होडीच्या बुडाशी खर्र्र आवाज झाला आणि होडी थांबली. मी बांबूनं रेटलं. होडी हलली नाही, बांबू रुतला. तो उपसताना मी जवळजवळ त्र्यंबकच्या मांडीवर बसलो.

“आता चढेल,” मी म्हणालो. “बाराला दहा मिनिटं असतील.”

“मामा, बारा वाजले.”

“घड्याळ नवं आहे. पुढे धावत असेल.”

आम्ही बसून राहिलो. ऊन असं, की ट्रंकेच्या पत्र्यावर पापड भाजावा! पाणी उतरतच होतं. आधी होडीखालचा गाळ दिसला, मग आजूबाजूचा, मग जिकडे बघावं तिकडे गाळच गाळ. समुद्र आमच्या डोळ्यांदेखत उठून निघून गेला! एक खेकडा होडीच्या बाजूनं चालत आला, आम्हाला बघून थांबला आणि पुढे गेला. आमच्यापेक्षा त्याचा प्रवास बरा चालला होता.

मी मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. पौर्णिमा. पंधरा. पंधराची पाऊणपट. तेच उत्तर! हिशेब बरोबर होता, समुद्र चुकत होता. पण हे सांगायचं कुणाला?

तेवढ्यात मोठ्या बोटीचा भोंगा झाला. भोंऽऽऽ!

उत्तम ट्रंकेवर ताडकन उभा राहिला. “मामा! बोट सुटते!”

“नाही हो, पहिला भोंगा नुसता सांगायला असतो.”

“काय सांगायला?”

“की सुटते म्हणून.”

उत्तमच्या तोंडावर घाम आणि रडू एक झालं होतं. “मंडपाचे बांबू आणून टाकलेत बापानं! साऱ्या कोलशेतला आमंत्रणं गेल्येत! काय सांगू त्यांना? मामानं चंद्र बघून होडी काढली म्हणून?”

माझ्या डोळ्यांपुढे गोदा दिसू लागली. अंगाला हळद लावून बसलेली, आणि बाया आपसात कुजबुजताहेत, ‘नवरा काय आला नाय म्हनं!’ आणि बायजा. बायजा तर काही बोलतच नव्हती, नुसती बघत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. मी होडीतून उडी मारली, तो मांडीपर्यंत गाळात! उत्तमनं मला उपसायला उडी मारली. पांढरे बूट गेले, वर आला तो एकच, आणि तोही काळा.

अशा वेळी मला पाठीमागून कोणाच्या तरी गुणगुणण्याचा आवाज आला. वळून पाहतो तर मुबारक! गाळात घट्ट जागा कुठे आहे ते त्याला पाठ असावं, घरच्या अंगणातून यावा तसा रमतगमत आला. आणि त्याच्या मागे, पाठीवर चटई टाकलेलं, मोठं थोरलं पांढरं गाढव!

ओहोटीला होड्या लांब राहतात म्हणून तिथे गाढवावरूनच माणसं आणि सामान नेण्याची रीत. तिथल्या लोकांना त्यात काही वाटत नाही. भले भले बसतात. मुबारकनं समोर खोल पाण्याच्या चराकडे हात केला. तिथे एक लाँच उभी होती. “डाक का लाँच. आखरी. जल्दी बैठो.”

“कोण?” उत्तम म्हणाला.

“तुम. तुम दुल्हा ना?”

उत्तमनं गाढवाकडे पाहिलं. गाढवानं उत्तमकडे पाहिलं.

“मी नाही बसणार! मामा, गाढवावर आपल्याकडे कोणाला बसवतात ठाऊक हाय ना? तोंडाला काळं फासून, चोराला! मी नवरा मुलगा हाय! मी चालत जातो.”

तो चालत गेला. तीन पावलं. मग कमरेपासून वरचाच दिसू लागला.

आम्ही त्याला ओढून काढला. दुसरा भोंगा झाला. लाँचवरचा माणूस दोर सोडू लागलेला दिसला. मी हात जोडले. “जावईबापू, पाया पडतो! लग्नात तुमचे पाय धुवायचेत ते आत्ताच धुतो, पण बसा!” आणि खरंच, होडीतल्या तांब्यातलं प्यायचं पाणी मी त्याच्या पायांवर ओतलं. आमच्याजवळ तेवढंच पाणी उरलं होतं. समुद्रात तर नव्हतंच.

उत्तम दात खाऊन म्हणाला, “बसतो. पण मामा, हे कोपरला नाहीतर कोलशेतला कोणाच्या कानावर गेलं, तर मी बोहल्यावर उभा राहणार नाही. देवाशप्पथ सांगतो!”

“जीभ छाटून देईन! बसा!”

तोंड ओळखू येऊ नये म्हणून त्यानं पंचा डोक्यावरून घेऊन कपाळावर आवळला, दोन्ही टोकं गालांवर सोडली. त्यानं काय व्हायचं? मुंडावळ्या बांधल्यासारखा दिसू लागला! मुबारकनं ट्रंक डोक्यावर घेतली. गाढवाचा दोर माझ्या हातात दिला आणि मागून घट्ट वाट सांगू लागला. ऊन मी म्हणत होतं, म्हणून त्र्यंबक मागून नवऱ्याच्या डोक्यावर छत्री धरून चालू लागला. पुढे सासरा, मध्ये गाढवावर नवरा, वर छत्री, मागे रुखवताची ट्रंक. भर समुद्रात वरात! एका वाजंत्रीची तेवढी उणीव होती. ती गाढवानं भरून काढली. ते असं ओरडायला लागलं, की लाँचवरचे सगळेच्या सगळे कठड्याशी येऊन उभे राहिले.

लाँच थांबली हो! त्या ओरडण्यामुळेच थांबली. मी देवाचे आभार मानणार, तोच लाँचवरून आरोळी आली. मराठीत!

“अरे, राघोदादा ना तू? ही कोणाची वरात काढलीस?”

डोंबिवलीचा मधु! बोटीवर खलाशी होता, डाक घ्यायला लाँचबरोबर आला होता. माणूस प्रेमळ, पण पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. त्याला सांगितलेली गोष्ट डोंबिवली स्टेशनावर उतरायच्या आत टिटवाळ्याला पोचते!

उत्तमनं गाढवावरून लाँचमध्ये उडी घेतली, ट्रंक चढली, इंजिन धडधडू लागलं. गोदाचा नवरा बोटीवर निघाला! मला हुश्श वाटायला हवं होतं. पण पंच्याच्या फटीतून उत्तमचा एक डोळा माझ्यावर रोखलेला होता, आणि त्याच्या शेजारी मधु दात काढून उभा. लाँच लांब चालली तसा माझा धीर सुटला. मी दोन्ही हातांचा कर्णा करून, असेल नसेल तेवढा आवाज लावून ओरडलो,

“मधुऽऽ! जावई गाढवावर बसले होते हे कोणाला सांगू नकोस रेऽऽ!”

लाँचवर खलाशी होते, डाकेचे लोक होते, दोन-चार प्रवासी होते. त्यांतल्या ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही आता ठाऊक झालं.

“राघोबा,” त्र्यंबक छत्री मिटत म्हणाला, “यापेक्षा पेपरात द्यायचं होतं.”

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. घास उतरेना. बसमध्ये बसलो की वाटायचं, आता बोट मुंबईला लागली असेल. आता मधु उतरला. आता मधुनं तोंड उघडलं. मुहूर्ताच्या दिवशी तर मी फोरमननं पाना मागितला तर हातोडा दिला, हातोडा मागितला तर ‘सावधान’ म्हणालो! त्र्यंबक धीर द्यायचा, पण त्याचा धीर कसला? “लग्न मोडलंच तर मोडलं, राघोबा. मुलगी काही म्हातारी झाली नाही.” असला धीर!

अखेर लग्नानंतर सुटलेली मुंबईची बोट आली. तिच्यातून दौलत नावाचा कोलशेतचा गडी आला, आमच्याच कंपनीत लागलेला. उत्तमची खाट त्याला मिळाली. वळकटी खाली ठेवायच्या आत मी त्याच्या पुढ्यात.

“उत्तमचं लग्न झालं?”

“पाणी देशील काय आधी?”

पाणी दिलं. तो हळूहळू प्यायला. इतकं हळू पाणी पिणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

“झालं ना! मी होतो की वऱ्हाडात. काय ते जेवण! काय तो बँड!”

“मुहूर्तावर?”

“अगदी मुहूर्तावर.”

मी खाटेवर बसलो. गोदाचं लग्न झालं! डोळ्यांत पाणी आलं. पण काळजी अजून मिटली नव्हती. “आणि... कोणी काही बोललं नाही ना? म्हणजे, एखाद्या जनावराबिनावराबद्दल?”

दौलत खदखदून हसायला लागला. “गाढवाचं होय? सगळ्या मांडवाला माहीत! तो मधु खलाशी हळदीलाच सांगत सुटला, की समुद्रात गाढवावरून वरात काढलेली, पुढे राघोदादा होता.”

“मग? उत्तम उठला? रुसला?”

“तो कशाला रुसेल? तोच उभा राहिला नि बोलला, मधुनं लांबून बघितलं म्हणून त्याला नीट दिसलं नाय. खरं काय झालं ते मी सांगतो. माझे मामा चिखलात रुतून बसले, म्हातारा माणूस, चालवेना, रडायला लागले. म्हणून मी त्यांना गाढवावर बसवलं आणि मीच दोर धरून चाललो! दादा, मधु नाय नाय करत होता, पण त्याचं कोण ऐकतो? सगळी बायामाणसं पदर डोळ्याला लावायला लागली. जावई असावा तर असा, बोलले सगळे! तुझ्या बायकोनं निरोप दिलाय, परत येशील तेव्हा डोंबिवलीवरून घरापर्यंत चालत ये. लोक बघायला उभे राहणार हायत, चालवतं का ते.”

त्र्यंबकनं तोंड उघडलं. मी खाटेखालून त्याच्या पायावर पाय दिला. गोदा आता त्यांच्या घरात नांदत होती. नव्या नवरीचा नवरा गाढवावर बसला होता, हे कोलशेतला कळून कसं चाललं असतं?

“खरं का रे, दादा?” दौलतनं विचारलं.

“खरं आहे बाबा,” मी म्हणालो. “माझा गुडघा धरला होता. देवमाणूस आहे जावई!” आणि पटावं म्हणून उठून कोपऱ्यातल्या माठापर्यंत चांगला लंगडत गेलो.

इथवर सगळं ठीक झालं. पण दौलतचा करार दोन वर्षांचा होता, आणि खाट माझ्या खाटेला लागून. त्यामुळे पुढची दोन वर्षं मला त्या खोलीत लंगडावं लागलं. कधी डाव्या पायानं, कधी उजव्या. आठवेल तसं.